गोव्यात मृत्युपत्रातून संस्थेला दान देता येतं, येत नाही म्हणणारा तो मेसेज चुकीचा आहे

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला, त्यातला एक तर आमच्या वाड्यावरच्या ज्येष्ठांचा ग्रुप. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे म्हणून सगळं मुलांनाच जातं, संस्थेला लिहिलेलं दान आपोआप रद्द होतं, तेव्हा घरीच कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवा नाहीतर बँकेत नॉमिनी लावा, टॅक्सही वाचेल, आणि देहदानाची इच्छाही त्याच कागदात लिहा. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि लोक त्यावर विसंबून राहतायत, म्हणून लिहितेय.

सगळं मुलांना जातं हे खरं नाही, अर्धं जातं. १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडमधून आलेला हा नियम आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आहे, तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. मुलं-नातवंडं, ती नसतील तर आईवडील-आजीआजोबा, यांच्यासाठी अर्धा वाटा राखीव, त्याला लेजितिम म्हणतात. उरलेला अर्धा तुमचा, कोणालाही द्या. फक्त हिशोब नीट करा, कारण आपल्याकडे लग्न झालं की वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता नवराबायकोची निम्मीनिम्मी असते. समजा घर, भाट म्हणजे बागायत, एफडी मिळून ८० लाख, तर त्यातले ४० तुमचे आणि त्यातले २० लाख तुम्ही गावच्या शाळेला, वाचनालयाला, वृद्धाश्रमाला लिहू शकता. जोडीदार आपल्या ४० मधून त्याचे २० वेगळे लिहू शकतो. मुलंही नाहीत आणि आईवडील-आजीआजोबाही नाहीत, तर सगळंच देता येतं. पुण्यात फ्लॅट आहे म्हणून हिशोब बदलत नाही, गोवेकराच्या बाहेरच्या मालमत्तेलाही हाच कायदा लागतो असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलंय. आणि चुकून अर्ध्याहून जास्त लिहिलं गेलं तरी दान रद्द होत नाही, वारसांनी मागणी केली तर ते मर्यादेपर्यंत कमी करतात, बस.

आता घरच्या कागदाचं. इथे मला जास्त बोलायचंय कारण हे आमच्या घरात झालंय. माझी मावशी फोंडा तालुक्यात राहायची, लग्न केलं नाही, जन्मभर मास्तरीण. आईवडील कधीच गेलेले, म्हणजे तिला हवं तर सगळंच्या सगळं देता आलं असतं. तिने डायरीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं की एफडीतले पैसे गावच्या वाचनालयाच्या मुलांच्या विभागाला द्यावेत, खाली सही, शेजारच्या दोघांच्या सह्या, तारीख, सगळं. महाराष्ट्रात दोन साक्षीदारांसमोर सही केलेला असा कागद मृत्युपत्र म्हणून चालतो, बहुतेक तिथूनच कोणीतरी तिला सांगितलं असणार. गोव्यात नाही चालत. इथे मृत्युपत्र सब-रजिस्ट्रार ऑफिसात बसणाऱ्या स्पेशल नोटरीपुढे करावं लागतं, ते त्याच्या पुस्तकात लिहिलं जातं, किंवा बंद मृत्युपत्र असेल तर त्यावर नोटरीची मान्यता घेऊन ते शिवून बंद करतात. बाजारात स्टॅम्प मारणारा वकील-नोटरी तो हा नव्हे. मावशी गेल्यावर तिच्या भावंडांची मुलं वारस ठरली, त्यातली दोघं परदेशात, सगळ्यांनी राजीखुशीने दिलं असतं तर झालं असतं पण एकाने नाही म्हटलं आणि वाचनालयाला एक रुपया मिळाला नाही. ते पान अजून माझ्याकडे आहे. तिला कोणी फक्त एकदा सब-रजिस्ट्रारकडे नेलं असतं तर, आणि ती कोणी म्हणजे मीच असायला हवी होते.

तिथे जाताना संस्थेचं नोंदणीतलं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घेऊन जा. आपण ज्याला 'शाळा' म्हणतो ती बऱ्याचदा वेगळ्याच नावाच्या सोसायटीची असते, आणि नाव चुकलं की भांडण. ती संस्था तोवर बंद पडली तर कोणाला द्यायचं तेही लिहून घ्या.

नॉमिनीबद्दल: नॉमिनी मालक होत नाही. बँक पैसे त्याच्या हातात देते एवढंच, त्याने ते वारसांना किंवा मृत्युपत्राप्रमाणे द्यायचे असतात. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीबाबत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. भाच्याला नॉमिनी करून "तू नंतर संस्थेला दे" म्हणणं म्हणजे त्या बिचाऱ्याला बाकी वारसांच्या तोंडी देणं.

टॅक्सचं म्हणाल तर भारतात वारसा कर १९८५ मध्येच बंद झाला, म्हणजे त्यात वाचण्यासारखं काही नाही. इंग्लंडमध्ये दानामुळे वारसा कर कमी होतो, तिथलंच काहीतरी उचलून इकडे चिकटवलेलं दिसतंय.

आणि देहदान कृपा करून फक्त मृत्युपत्रात लिहू नका. आपल्या घरांत मृत्युपत्र बाराव्यानंतर काढतात, तोवर सगळं होऊन गेलेलं असतं. देहदानाला तास मोजावे लागतात आणि शेवटचा होकार घरच्यांचाच लागतो, त्यामुळे बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, आधी चौकशी करून फॉर्म भरा, मुलाला, सुनेला, शेजाऱ्यालाही सांगा, आणि तिथला फोन नंबर घरात सगळ्यांना दिसेल असा लावून ठेवा.