वेग दंडात नाही, जाळीत आणि कमरेत

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू गोलमध्ये मारायचा खेळ. त्यातल्या पॉल रेबिल या खेळाडूवरचा एक लेख वाचला. त्याच्या ताशी 111 मैलांच्या (सुमारे 179 किमी) फटक्याचं सगळं श्रेय लेखात दंडाला दिलंय. ते अर्धंच खरं. पाय आडवे रोवले की आधी कंबर वळते, मग खांदे, हात सगळ्यात शेवटी. खालचा हात काठीचं टोक पोटाकडे ओढतो, वरचा पुढे ढकलतो. कोपरं अंगाला चिकटली तर काठीला फिरायला जागा मिळत नाही आणि चेंडू नुसता लोटला जातो.

दुसरी गोष्ट जाळीची. वरच्या आडव्या दोऱ्या जास्त आवळल्या की चेंडू उशिरा सुटतो आणि गोलच्या अलीकडेच जमिनीत शिरतो. सैल ठेवल्या तर बारवरून जातो. पावसात मऊ जाळी पाणी पिऊन लोंबते. चेंडूचा माथा जाळीच्या चौकटीच्या खालच्या कडेखाली गेला की काठीच बेकायदा! म्हणून सामन्याआधी दोऱ्या पुन्हा ओढून, भिंतीवर पन्नासेक फटके मारून बघायचे.

आणि हो, त्या काळच्या एमएलएलमध्ये (मेजर लीग लॅक्रॉस, अमेरिकेतली व्यावसायिक लीग) बहुतेक खेळाडू आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी खेळायचे. रेबिल बंधूंनी 2018 मध्ये पीएलएल (प्रीमियर लॅक्रॉस लीग) काढली ती याच दुखण्यावर. याचा लेखात साधा उल्लेखही नाही.