स्पॅमला उलट टपाली उत्तर नको: ‘महाप्याचा सिस्टिमवाला’ यांच्या प्रतिक्रियेवर

नमस्कार सिस्टिमवाले साहेब,

सही तुम्ही अशीच केली आहेत, म्हणून हाकही तीच.

अमाविस या मेल गाळणाऱ्या प्रोग्रॅममधली, स्पॅमला बाउन्स (म्हणजे ‘तुमची मेल पोचली नाही’ असं उलट उत्तर) पाठवायची जुनी सोय बंद करा, असं मी लिहिलं आणि तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गिऱ्हाइकाची खरी मेल चुकून स्पॅम ठरली तर त्याला कळायला नको का? मेल गुपचूप गिळणं नियमात बसतं का? बाउन्स कधी पाठवायचा याची मर्यादा नीट लावली की त्रास होत नाही. आणि ओपन सोर्समध्ये कुणी काय वापरावं याचे फतवे ठाण्यात बसून काढणारा मी कोण?

फतव्याचं राहू द्या. पहिला मुद्दा मात्र वजनाचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या कारखान्याला आलेली चौकशीची मेल स्पॅममध्ये पडली, पाठवणाऱ्याला वाटलं पोचली, आणि काम दुसऱ्याकडे गेलं, हे होतं. म्हणून मेल गिळा असं मी म्हणतच नाही. मेल पाठवण्याचे नियम सांगणारा आरएफसी 5321 हा इंटरनेटचा दस्तऐवजसुद्धा तेच सांगतो: एकदा मेल स्वीकारलीत की पोचवा, नाहीतर पोचली नाही असं कळवा. गुपचूप टाकून द्यायची मुभा आहे, पण मेल फसवी असल्याची अगदी खात्री असेल तेव्हाच.

वाक्यातला ‘स्वीकारलीत की’ हा भाग बघा. आपलं भांडण तिथेच आहे.

तुमच्या सर्व्हरवर काय होतं ते लॉगमध्ये ओळीओळीने दिसेल. बॉट, म्हणजे स्पॅम सोडणारा प्रोग्रॅम, येतो, पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचा प्रोग्रॅम) मेल घेतं आणि 250 म्हणतं. म्हणजे ‘मिळाली, आता माझी जबाबदारी’. बॉट लाइन तोडून पसार. त्यानंतर मेल अमाविसकडे जाते, स्पॅमअसॅसिन ती किती स्पॅमसारखी आहे याचे गुण देतं, गुण मर्यादेच्या वर जातात. मग अमाविस एक नवी कोरी मेल तयार करतो. तिचा पाठवणारा रिकामा, नुसते दोन कोनी कंस, आणि घेणारा कोण, तर स्पॅमरने पाठवणारा म्हणून जो पत्ता ठोकून दिला होता तो. हा पत्ता खरा आहे का हे एसएमटीपी, म्हणजे सर्व्हरांची मेल पाठवायची पद्धत, विचारतच नाही. 1982 साली या पद्धतीचा आरएफसी 821 आला तेव्हा सगळे एकमेकांवर भरवसा ठेवून होते, आणि तेव्हा ते चालूनही गेलं.

हे पुरतं बिघडल्याचं ऑगस्ट 2003 मध्ये सगळ्यांनी पाहिलं. सोबिग-एफ हा व्हायरस लागलेल्या मशिनीतून मिळतील ते पत्ते उचलून पाठवणाऱ्याच्या जागी घालायचा. ऑफिसाऑफिसांतले अँटिव्हायरस गेटवे इमाने इतबारे त्या पत्त्यांना ‘तुमच्या मशिनीत व्हायरस आहे’ असं कळवत बसले. ज्यांना कळवलं त्यांचा काही संबंध नव्हता.

आता एक जवळचं उदाहरण. नौपाड्यातल्या एक बाई घरगुती फराळ करतात, स्वतःचं डोमेन आहे, ऑर्डरी मेलवरही येतात. दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी त्यांचा पत्ता घालून औषधी गोळ्यांच्या जाहिराती सोडल्या. सकाळी त्यांनी इनबॉक्स उघडला तर ‘पोचली नाही’चा पूर: काही जर्मनमध्ये, काही जपानीत, काहींत ‘आपली जाहिरात आमच्या धोरणात बसत नाही’ असा उपदेश. बाईंनी घाबरून पासवर्ड बदलला. त्याने काय होणार? खातं फुटलंच नव्हतं. त्या ढिगाऱ्यात एका सोसायटीची चकल्यांची ऑर्डर होती, ती त्यांना दिसली तेव्हा उशीर झाला होता. गिऱ्हाइकाची मेल हरवू नये म्हणून तुम्ही जी सोय चालू ठेवली आहेत, तशाच कुणाकुणाच्या सोयींनी बाईंची ऑर्डर बुडवली.

मर्यादेचं म्हणाल, तर अमाविसमध्ये अमुक गुणांच्या वर बाउन्स पाठवू नये अशी कटऑफ आहे खरी. पण स्पॅमची मर्यादा आणि ही कटऑफ यांच्या मधला सगळा माल तरीही बाहेर जातोच. विश्वास नसेल तर बाहेर जायच्या मेलची रांग बघा. मेलर-डीमनच्या नावाने (बाउन्सवर हेच नाव असतं) अडकलेल्या मेल दिसतील. पोस्टफिक्स डिफॉल्टने 5 दिवस त्या पोचवायची खटपट करत राहतं. त्यातली एखादी स्पॅमट्रॅपच्या, म्हणजे स्पॅमर पकडायला मुद्दाम ठेवलेल्या, पत्त्यावर गेली की तुमच्याच सर्व्हरचा आयपी पत्ता काळ्या यादीत. मग ज्या गिऱ्हाइकाला कळवायचं होतं, त्याला पाठवलेलं कोटेशनही परत येईल.

मग खऱ्या माणसाला कळवायचं कसं? लाइन चालू असतानाच नाकारा. सोसायटीच्या गेटवर वॉचमन पार्सल तिथल्या तिथे परत करतो, तसं. आत घेऊन मग खोक्यावरच्या पत्त्यावर पाठवत बसू नका. अमाविस मिल्टर (मेल घेतानाच तपासणारा जोड) म्हणून जोडा किंवा पोस्टफिक्सच्या प्रॉक्सी फिल्टरमागे बसवा, म्हणजे 250 म्हणायच्या आधीच गुण कळतात. स्पॅम असेल तर 554, म्हणजे ‘नाकारली’, आणि सोबत एक ओळ: ‘फिल्टरने थांबवलं, सेल्सला फोन करा’, पुढे नंबर. पाठवणारा खरा असेल तर त्याचाच सर्व्हर त्याला ती ओळ दाखवतो. बॉट असेल तर तो निघून जातो. आपण नवी मेल पाठवतच नाही, त्यामुळे तिसऱ्याला झळ नाही.

एक खाच आहे. अमाविस जर रांगेनंतर, म्हणजे मेल स्वीकारून झाल्यावर तपासेल असा, बसवला असेल आणि तुम्ही सेटिंगमध्ये नुसतं ‘डी-बाउन्स’च्या जागी ‘डी-रिजेक्ट’ लिहिलंत, तर फरक शून्य. अमाविस पोस्टफिक्सला नाही म्हणेल आणि पोस्टफिक्स स्वतः बाउन्स पाठवेल. जागा बदलायला हवी. लाइन अडकून राहते म्हणून प्रोसेस थोड्या जास्त लागतात, पण पन्नास-शंभर जणांच्या ऑफिसला ते जाणवत नाही. कुणी दुसरीकडून मेल फॉरवर्ड करून घेत असेल तर त्या फॉरवर्डरच्या सर्व्हरला मात्र नाकारू नका, स्पॅमचा शिक्का मारून फोल्डरमध्ये टाका.

‘मग रजेचं ऑटो-रिप्लायही बंद करायचं का?’ हा तुमचा टोमणा. नाही. ते एका माणसाला ठरावीक दिवसांत एकदाच जातं, मेलिंग लिस्टला जात नाही, आणि स्पॅम गाळल्यानंतर चालतं.

फतवा मी एकट्याने काढलेला नाही, हेही सांगतो. सीव्ह या मेल गाळायचे नियम लिहायच्या भाषेत ‘रिजेक्ट’ होतंच. मार्च 2009 मध्ये आरएफसी 5429 ने त्याच्या जोडीला ‘ई-रिजेक्ट’ आणलं, कारण हेच: शक्य असेल तिथे दारातच नाकारावं, बाउन्स पाठवू नये. ॲपलने आपल्या मेलमधलं बाउन्सचं बटण 2011 मध्ये मॅकच्या लायन आवृत्तीसोबत काढून टाकलं. तुम्हाला ज्याची आठवण येते ते केमेल या मेल प्रोग्रॅममधलं बटणही याच जातीचं होतं. त्या बटणाने ‘स्पॅम कमी झाला’ असं वाटायचं, पण ते उत्तर वाचायला स्पॅमर तिथे नसायचाच. आणि स्वातंत्र्य म्हणाल तर स्वतःच्या मशिनीवर हवं ते चालवा की. ही सोय चालते तुमच्या मशिनीवर, कचरा पडतो दुसऱ्याच्या दारात, म्हणून बोललो.

शेवटी, तुम्ही जाता जाता लिहिलंय की वाशीच्या ऑफिसात बॅकअप एमएक्स, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर, ठेवला आहे. अमाविसच्या आधी तो बघा. त्याच्याकडे खऱ्या पत्त्यांची यादी नसेल तर तो येईल ते घेतो, मुख्य सर्व्हर ‘असा पत्ता नाही’ म्हणतो, आणि बाउन्स वाशीहून निघतो. पोस्टफिक्समध्ये ती यादी, म्हणजे रिले-रिसिपियंट-मॅप्स, भरा. भरून होईपर्यंत तो बॅकअप डीएनएसमधून (सर्व्हरचे पत्ते सांगणाऱ्या नोंदींतून) काढून ठेवला तरी बिघडत नाही, कारण मुख्य सर्व्हर दोन-चार तास पडला तर समोरचे सर्व्हर आपणहून पुन्हा येतात.