‘हाडे मोडणारा नाच’ आणि न वाचलेली निमंत्रणपत्रिका

गेल्या महिन्याभरात तिसऱ्यांदा माझ्याकडे आलेला एक संदेश या वेळी बहिणीने पाठवला होता, आणि त्याखाली तिचा प्रश्न होता की मुलीचा ब्रेकडान्सचा वर्ग बंद करावा का. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: हा नाच तुरुंगांत आणि गुन्हेगारी टोळ्यांत जन्मला, त्यात हाडे मोडतात म्हणून त्याला ‘ब्रेक’ म्हणतात, एका स्पर्धक महिलेच्या फजितीमुळे ऑलिंपिकने त्याला हाकलले, आणि डोक्यावर गिरक्या घेतल्याने मेंदू निकामी होतो.

हाडांचा मुद्दा इतका हास्यास्पद आहे की तो आधी घेतो. गाण्यात गायक आणि बहुतेक वाद्ये थांबून केवळ तालवाद्ये उरतात, त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात राहणारा, जमैकात जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच डीजे कूल हर्क, याच्या लक्षात आले की नाचणारे नेमकी याच तुकड्याची वाट पाहत असतात. तो तुकडा काही सेकंदांत संपे, म्हणून एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून, एकीवरचा तुकडा सरताच दुसरीवर तोच सुरू करून, हर्कने तो लांबवला. त्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल. त्यातला ‘बी’ या ब्रेकचा आहे. नाचणारी मंडळी स्वतः या नाचाला ‘ब्रेकिंग’च म्हणतात.

तुरुंगाच्या कथेला तर एक कागद पुरेसा आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत हर्कने ज्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, ती हा नाच ज्या हिप-हॉप संस्कृतीचा भाग आहे तिची सुरुवात मानली जाते; त्या पार्टीची हस्तलिखित निमंत्रणपत्रिका आज कोणालाही पाहता येते: वेळ रात्री ९ ते पहाटे ४, प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. पार्टी ठरवली होती हर्कची बहीण सिंडी हिने, शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून. हा तो गुन्हेगारी उगम! टोळ्यांविषयी मात्र अर्धे सत्य मान्य करावे लागते. त्या काळी ब्रॉन्क्समध्ये हिंसक टोळ्या होत्याच. पण डिसेंबर १९७१ मध्ये त्यांतील अनेकींनी ‘हो अॅव्हेन्यू’ या रस्त्यावरील क्लबमध्ये तह केला, आणि त्यानंतरच तरुणांना एकमेकांच्या वस्त्यांत पार्ट्यांना जाणे सोपे झाले. ‘बॅटल’, म्हणजे नर्तकांनी समोरासमोर आळीपाळीने नाचून केलेली लढत, हा शब्द ऐकून दचकणाऱ्यांनी एवढे पाहावे की तीत प्रतिस्पर्ध्याला स्पर्श न करता त्याला हरवायचे असते.

ऑलिंपिकचा मुद्दा दिनदर्शिकेनेच निकालात निघतो. संदेशातली ती स्पर्धक, ऑस्ट्रेलियाची रेचल गन ऊर्फ ‘रेगन’, हिला पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिन्ही लढतींत एकही मत मिळाले नाही, हे ऑगस्ट २०२४ मधले. २०२८ च्या ऑलिंपिकसाठी वाढवलेल्या खेळांची यादी मात्र आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतील अधिवेशनात ऑक्टोबर २०२३ मध्येच मंजूर झाली होती, आणि तीत ब्रेकिंग नव्हते.

राहिला डोक्याचा प्रश्न, जो बहिणीला खरोखर घाबरवून गेला. १९ वर्षे हेडस्पिन, म्हणजे डोक्यावर गिरक्या, करणाऱ्या डेन्मार्कच्या एका नर्तकाच्या डोक्यावर गाठ आल्याची नोंद ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली आली, तिथले केस गेले होते, गाठ शस्त्रक्रियेने काढली आणि ती कर्करोगाची नव्हती. मेंदू निकामी झाल्याचे त्यात काहीही नाही. तरी हा नाच निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही, कारण फ्रीझमध्ये, म्हणजे एखाद्या स्थितीत क्षणभर गोठून राहताना, सारे वजन तळहातांवर किंवा कोपरावर पेलावे लागते, विंडमिलमध्ये, म्हणजे पाय हवेत फिरवत जमिनीवर लोळून घेतलेल्या गिरक्यांत, खांदे आणि पाठ जमिनीवर घासतात, आणि मान, मनगटे व गुडघे यांना दुखापत होतेच. म्हणून बहिणीला कळवले की वर्ग बंद करू नकोस, शिक्षकांना दोन गोष्टी विचार: मनगटे आणि मान यांची तयारी किती वेळ करून घेता, आणि टॉपरॉक (उभ्याने करायच्या पायऱ्या) व सिक्स-स्टेप (हात जमिनीवर टेकून पायांनी गोल फिरण्याची मूलभूत चाल) पक्के होण्याआधी कोणाला डोक्यावर उभे करता का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भाचीनेच परस्पर दिले: चार महिने झाले, अजून सिक्स-स्टेपच चालू आहे, आणि तिला त्याचा कंटाळा आला आहे.