‘एका वायरीचे ४,८०० रुपये’ या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या मर्सिडीजच्या चालकाकडील काचेच्या कामाबद्दल आपण एक तारा देऊन लिहिले आहे की, आम्ही एक वायर जोडायला आठवडाभर गाडी अडकवून ठेवली, ४,८०० रुपये घेतले आणि महिन्याभरात काच पुन्हा बंद पडली. ऐन लग्नसराईत गाडी आमच्याकडे राहिल्याने आपल्या घरच्या कार्यात अडचण आली, याबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. मात्र ‘एक वायर’ हे शब्द वाचून मला आणि माझ्या कारागिरांना फार वाईट वाटले. छत्रपती संभाजीनगरात आमचे गॅरेज लहान आहे, जाहिरात करण्याची आमची ऐपत नाही, आणि नवा ग्राहक गाडी आणण्यापूर्वी हे अभिप्रायच वाचतो. म्हणून त्या एका वायरीचे काम काय होते, हे सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

आपली गाडी डब्ल्यू १२४ या जुन्या मॉडेलची आहे, म्हणजे १९९५ पासून पुण्यात जोडणी होऊन भारतात विकल्या गेलेल्या पिढीतील. आपल्या शहरात २०१० साली एकाच वेळी १५० मर्सिडीज आल्या, त्या काळच्या गाड्यांना संगणक जोडला की बिघाडाचा बराचसा माग लागतो. आपल्या गाडीच्या काचांना तशी सोय नाही. गिअरच्या दांड्याजवळचे स्विच, तेथून कार्पेटखालून दाराकडे गेलेल्या वायरी आणि दारातली मोटर एवढाच तो कारभार असतो, आणि त्यातला बिघाड हातानेच शोधावा लागतो.

काच खाली जाते, पण वर घेताना फ्यूज उडतो, अशी आपली तक्रार होती. मोटरला दोन वायरी असतात. काच वर घेताना एकीत करंट येतो आणि दुसरी अर्थ होते, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडली जाते, खाली घेताना याच्या उलट होते. त्यामुळे फक्त वर घेतानाच फ्यूज उडत असेल, तर स्विचच्या पुढची ती एकच वायर कोठेतरी बॉडीला लागते आहे, हे जाणकाराला लगेच कळते, आणि आम्ही ते आपण समोर उभे असतानाच सांगितलेही होते. परंतु कोणती वायर लागते हे कळणे वेगळे आणि ती नेमकी कोठे लागते हे सापडणे वेगळे. दार उघडे ठेवून स्विच दाबला की काच व्यवस्थित वर जात होती, आणि दार लावले की फ्यूज जात होता. शेवटी मोटरचे कनेक्शन काढून फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडला. असे केले की शॉर्ट होताच बल्ब पेटतो आणि पुढची वायर जळत नाही. एकाने स्विच दाबून धरला, दुसऱ्याने दार हळूहळू लावत आणले, आणि दार चार बोटे उरले असताना बल्ब लख्ख पेटला. बिजागरीजवळचा रबरी बूट, म्हणजे दारात जाणाऱ्या वायरींवरची रबरी नळी, मागे सारून पाहिले, तर तो खांबाच्या बाजूने फाटलेला होता, वायरीचे आवरण कडक होऊन तडकले होते आणि उघडे पडलेले तांबे पत्र्याच्या कडेला घासून काळे झाले होते. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडी भट्टीसारखी तापते, वर्षानुवर्षांच्या त्या तापण्याने वायरीच्या आवरणाचा मऊपणा जातो, आणि जेथे ती दाराबरोबर रोज वाकते तेथे ती आधी तुटते.

काम एवढ्यावर थांबले असते, तर गाडी आपल्याला लवकर मिळाली असती. पण आमच्याकडे येण्यापूर्वी कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली होती आणि गाडी त्यावर काही दिवस चालली होती, हे आपणच सांगितले होते. अभिप्रायात मात्र त्याचा उल्लेख नाही. या गाडीत बाहेरून धातूची पट्टी असलेले जुन्या धाटणीचे फ्यूज असतात आणि त्यातला लाल फ्यूज १६ अँपिअरचा असतो. शॉर्ट होताच तो स्वतः जळून वायर वाचवतो. त्याच्या जागी तार घातली की जळायची पाळी वायरीवर येते. आपल्याला येणारा जळका वास त्याचाच होता. कार्पेट उचलले तेव्हा ती वायर वितळून शेजारच्या वायरींना चिकटलेली दिसली, आणि त्याचे फोटो आम्ही आपल्याला त्याच संध्याकाळी पाठवले होते. त्या एकेक सोडवून, तपासून, खराब झालेला भाग तेवढ्याच जाडीच्या वायरीने बदलावा लागला. बिजागरीच्या वाकणाऱ्या भागात आम्ही एकही सांधा ठेवला नाही, कारण तेथे टेप लावून दिलेला सांधा फार काळ टिकत नाही. असे काम घाईत करून गाडी लवकर देणे मला सहज शक्य होते. ते मी केले नाही, आणि त्याचेच आज ‘गाडी अडकवली’ असे नाव झाले आहे.

रबरी बूट येथे मिळाला नाही, तो पुण्याहून मागवावा लागला आणि आठवड्यातला बराच काळ त्याची वाट पाहण्यात गेला. बिलात बूट आणि साहित्याचे १,३५० रुपये आणि मजुरीचे ३,४५० रुपये वेगळे लिहिले आहेत. सीट आणि कार्पेट काढून पुन्हा बसवण्याचे वेगळे पैसे आम्ही लावलेले नाहीत.

पुन्हा बंद पडलेली काच ही मागच्या डाव्या दाराची आहे, असे आपण फोनवर सांगितले. त्या दाराला आम्ही हात लावलेला नव्हता. ती काच कोरड्या चॅनलमध्ये, म्हणजे ती ज्या खाचेतून वर-खाली सरकते तिच्यात, अडकत जाते आणि मोटरवर ताण येतो, हे बिलाच्या खाली लिहून दिले होते. तेव्हा ‘सध्या नको’ असे आपण म्हणालात आणि तो आपला अधिकार होता. पण तोच बिघाड परत आला, असे लिहिणे आमच्यावर अन्याय करणारे आहे.

अंदाजे खर्च आणि मुदत यापुढे शक्य तेथे आधीच लेखी देण्याचा आमचा प्रयत्न राहील, तसेच सुट्या भागांच्या बाबतीतही काही सुधारणा करत आहोत. मागच्या दाराची तपासणी आम्ही विनामूल्य करून देऊ. बिघाड केवळ चॅनलचा निघाला, तर ते साफ करून वंगण देण्याचेही पैसे घेणार नाही. मोटर बदलावी लागली, तर आधी आपल्याला विचारू. सोमवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी गाडी आणावी, आणि चालकाकडील दाराचे काम मी आपल्याला बूट मागे सारून प्रत्यक्ष दाखवीन. ते पाहिल्यावर आपल्याला योग्य वाटले, तर अभिप्रायातील ‘एक वायर’ हा शब्दप्रयोग कृपया बदलावा, एवढीच विनंती आहे.

आपला नम्र,
गॅरेजमालक