पॉइंट वनची इस्टेट

गेल्या शनिवारी पुण्याच्या तपकीर गल्लीत, पाच-सहा गिऱ्हाइकांच्या देखत, वडिलोपार्जित मिळकतीसाठी धडपडणारा मुलगा अशी माझी ख्याती झाली. माझे वडील ठणठणीत आहेत आणि त्या वेळी ते घरी क्रिकेट पाहत होते. मला हवा होता एक कंडेन्सर.

प्रकरण थोडक्यात असे. माझ्याकडे बीबीसी मायक्रो नावाचा संगणक आहे. तो ब्रिटनमध्ये १९८१ साली बाजारात आला, आणि १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांत संगणक शिकवण्यासाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला तेव्हा आपल्याकडेही पोचला. माझा नग एका शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरातून निर्लेखित होऊन भंगारवाल्याच्या गाड्यावर आला, तिथून माझ्याकडे. त्याच्या कळांवरची अक्षरे अजून इतकी ठसठशीत आहेत की एकाही पोराला त्याच्याजवळ फिरकू दिले नसावे, अशी माझी खात्री आहे.

त्याच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात विजेतली खरखर गाळण्यासाठी एक कागदी कंडेन्सर असतो. वर्षानुवर्षांनी त्याच्या पिवळट पारदर्शक कवचाला बारीक तडे जातात, त्या तड्यांतून हवेतली ओल आतल्या कागदात मुरते, आणि एके दिवशी २३० व्होल्ट मिळताच तो फटकन फुटून घशाला चिकटून बसणारा धूर सोडतो. संगणकाला याचे काही सोयरसुतक नसते. माझ्या यंत्राने तर त्या धुरातच, आधी खालचा आणि मग वरचा, असे आपले दोन सूर काढले, पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ असे लिहिले आणि ते शांतपणे पुढच्या आज्ञेची वाट पाहू लागले.

हा कंडेन्सर थेट मेन लाइनवर बसत असल्यामुळे वाटेल तो चालत नाही, त्यावर एक्स-टू, म्हणजे मेन लाइनवर जोडण्याजोगा असल्याची खूण, लिहिलेलेच असावे लागते. मी दुकानात “पॉइंट वन, एक्स-टू, पावणेतीनशे व्होल्ट एसी” असे स्पष्ट सांगितले; पॉइंट वन हे कंडेन्सरचे माप, ०.१ मायक्रोफॅरड. दुकानदाराने पंख्याचा कंडेन्सर पुढ्यात ठेवला. मी पुन्हा सांगितले, तेव्हा “कशात बसवायचाय?” असा प्रश्न आला, पण तो दुकानदाराकडून नव्हे. शेजारी कानटोपी घातलेले एक गृहस्थ कापडी पिशवीतला मिक्सर काउंटरवर ठेवून उभे होते.

“जुन्या कॉम्प्युटरमध्ये,” मी म्हणालो.

“वडिलांचा?”

“नाही हो, मी विकत घेतलाय.”

“चालू?”

“नाही, बंदच होता.”

“बंद पडलेला विकत घेतलात,” ते म्हणाले. या वाक्याला प्रश्नचिन्ह नव्हते. ते काही वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे आत काहीतरी आहे!”

मी त्यांना समजावून सांगितले की आत काही नाही, त्यात हार्डडिस्कच नसते, आणि बंद केला की मेमरीतले सगळे पुसले जाते.

“असं कोण म्हणालं तुम्हाला?”

“त्याची रचनाच तशी आहे.”

“भाऊ म्हणाला असेल.” त्यांनी आवाज खाली आणला, पण तो रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतकाच. “आमच्या मेहुण्यांच्या लोखंडी कपाटात काही नाही, असंच थोरला सगळ्यांना सांगत होता. निघालं काय? खेड शिवापूरच्या जमिनीचा सातबारा!”

दुकानात हळहळ पसरली. एलईडीच्या पट्ट्या घ्यायला आलेल्या तरुणाने, सगळे क्लाउडवर सापडेल, असा मला दिलासा दिला. दुसऱ्या एकाने चिप काढून वाचणारा माणूस माहीत असल्याचे सांगितले. हा माझा छंद आहे, असे मी जरा मोठ्यानेच म्हणालो, त्यावर कानटोपीवाले अत्यंत समजूतदारपणे म्हणाले, “सांगायचं नसेल तर नका सांगू. पण छंदासाठी माणूस शनिवारी इथे गाडी लावायला येत नाही.”

या युक्तिवादाला उत्तर नव्हते आणि राग येतो तो याचाच. जुन्या राजदूत मोटारसायकलीवर पगार उधळणाऱ्याला आपल्याकडे शौकीन म्हणतात, सिग्नलला लोक काच खाली करून त्याची विचारपूस करतात. मी बत्तीस किलोबाइट मेमरीचे एक यंत्र पुन्हा उभे केले, तर एक तर मला वेळेची किंमत नाही किंवा माझा कोणाच्या तरी इस्टेटीवर डोळा आहे. ज्या शाळेने ते कुलपात ठेवून ठेवून शेवटी किलोच्या भावाने घालवले, तिला मात्र आजवर कोणी काही विचारले नसेल.

तेवढ्यात दुकानदाराला माझा कंडेन्सर सापडला. फार तर पंधरा रुपयांची वस्तू, पण आता तो सुट्टी देईना. “दहाचं पाकीट घ्यावं लागेल. अडीचशे.” मी घासाघीस सुरू करताच तो म्हणाला, “एवढ्या मोठ्या कामात अडीचशेचं काय घेऊन बसलात, साहेब?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पैसे दिले. कानटोपीवाल्यांनी ओळखीच्या नोटरीचा पत्ता सांगितला आणि फुटलेला कंडेन्सर टाकून देऊ नका, पुरावा म्हणून लागेल, असे बजावले.

मग त्यांची पाळी आली. त्यांच्या मिक्सरचा कपलर आता येत नाही, नवा मिक्सरच घेऊन टाका, असे दुकानदाराने सुचवताच ते उसळले. “नवा कशाला? पंचवीस वर्षं चालतोय, एवढा कपलर बदलला की अजून पंचवीस वर्षं चालेल!”

“आत काही आहे का?” मी विचारले.

“त्यात चटणी करतो आम्ही,” ते दुखावून म्हणाले.

दुकानदार माळ्यावर चढला आणि एका धुळकट खोक्यातून त्याने कपलर शोधून आणला. सुट्टा, एकच नग, तीस रुपयांना.