म्हाताऱ्या साळिंदराला दूधभात कशाला?

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला सात जणांनी पाठवला. मथळा, 'म्हातारं साळिंदर कसं सांभाळाल?' खाली पाच-सहा ओळींत सगळा निकाल: वय झालं की त्याला काटे फेकता येत नाहीत, तेव्हा बिनधास्त उचला. दात पडतात, म्हणून दूधभात, केळं, उकडलेलं अंडं द्या. दिवसभर झोपतं म्हणजे अशक्त झालंय, दिव्याखाली ठेवा. म्हातारं जनावर पाळायला परवानगी लागत नाही. सोबत फोटो होता, तो हेजहॉग या भलत्याच काटेरी प्राण्याचा!

फोटोनेच अर्धं कोडं सुटतं. हेजहॉग ओंजळीत मावतो, किडे खातो, माणसाने पाळला तर साधारण चार-सहा वर्षं जगतो. साळिंदर, म्हणजे आपली सायाळ, उंदराघुशीच्या गोतातली. वजन 11 ते 18 किलो, खाणं कंदमुळं, साल, फळं नि शेतकऱ्याचा भुईमूग. माणसाच्या देखरेखीत वीस वर्षांच्या पुढेही जाते. अंड्याचा सल्ला कुठून आला हे आता सांगायला नको.

मी एका बचाव केंद्रात आठवड्यातून दोन रात्री मदतीला जाते. तिथे एक म्हातारी साळिंदर आहे. पिल्लू असताना कुणीतरी शेतातून उचलून घरी वाढवली, माणसाळली, आता जंगलात सोडता येत नाही. आम्ही तिला आजीच म्हणतो.

काटे फेकण्याची गोष्ट अ‍ॅरिस्टॉटलनेही लिहून ठेवली आहे, म्हणून ती खरी होत नाही. तरुण असो की म्हातारं, कुठलंच साळिंदर काटा फेकत नाही. काटा म्हणजे जाड, कडक झालेला केस, कातडीत सैल बसलेला. चिडलं की ते शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवतं, पाय आपटतं आणि तरीही समोरचा हटला नाही तर पाठमोरं अंगावर येतं. काटा समोरच्याच्या अंगात राहतो, बघणाऱ्याला वाटतं फेकला. वयाने ही धाव मंदावते, टोक बोथट होत नाही. उलट आजीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे ती पूर्वीपेक्षा लवकर दचकते. दार उघडायच्या आधी आम्ही बोलत बोलत जातो. बिनधास्त उचलणाऱ्याने आधी जाड चामडी हातमोजे शोधावेत, मग स्वतःची अक्कल.

आता दूधभात. सगळ्यात जास्त नुकसान करणारी ओळ हीच, कारण ती मायेने लिहिलेली आहे. साळिंदराला वीस दात. त्यातले पुढचे चार पटाशीचे, ते जन्मभर वाढत राहतात. मागच्या सोळा दाढांचं तसं नाही. त्या मुळं धरतात आणि पुढे झिजतच जातात. म्हणजे म्हातारपणी एकाच तोंडात दोन उलट अडचणी: मागे दाढ उरत नाही, पुढे दात थांबत नाहीत. दाढ दुखली की जनावर कुरतडणं सोडतं, पटाशीचे दात लांबून वाकतात, शेवटी समोर ठेवलेलं रताळंही धरता येत नाही. अशा वेळी भाताचा गोळा पुढे करणं म्हणजे राहिलेलं कुरतडणंही बंद करणं. दुधाने पोट बिघडतं ते वेगळंच. त्याचं पचन चालतं ते चोथ्यावर, आणि केळ्याच्या साखरेने चरबी वाढते, दात किडतात.

मऊ अन्न कधीच देऊ नये असं मात्र मी म्हणणार नाही. दाढा खरंच गेल्या असतील तर कंद किसून आणि गोळीखाद्य भिजवून द्यावं लागतं. पण ते डॉक्टरांनी तोंड बघून ठरवायचं, आणि तेव्हाही कुरतडायला लाकूड हवंच. रानातलं साळिंदर हाडं, हरणांची गळालेली शिंगं बिळात ओढून नेतं आणि कुरतडत बसतं. दातही झिजतात, कॅल्शियम-फॉस्फरसही मिळतं. बिळाच्या तोंडाशी हाडं दिसली म्हणून त्याला मांसाहारी ठरवणारे गावात भेटतात. आजीच्या खोलीतही एक जुनं हाड आहे. रात्री दोनच्या सुमाराला त्याचा कर्र कर्र आवाज आला की आम्ही निवांत चहा टाकतो.

तोंड बघणं सोपं नाही. जबडा जेमतेम उघडतो, त्यामुळे नीट तपासणीला भूल द्यावी लागते आणि म्हाताऱ्या जनावराला भूल म्हणजे जोखीम. म्हणून दर आठवड्याला वजन. एका शेंगदाण्याच्या लालचेने आजी स्वतःहून काट्यावर चढते (वजनकाट्यावर). वजन उतरायला लागलं, घास तोंडात धरून टाकला जाऊ लागला, हनुवटी लाळेने ओली दिसली की समजायचं, दातांकडे बघायला हवं.

झोपेबद्दल काय सांगायचं? निशाचर प्राणी दिवसा झोपणारच. थंडीत ऊब हवी, पण डोळ्यावर दिवा नको. सांध्यांसाठी गादीपेक्षा माती महत्त्वाची. फरशीवर तळवे सोलवटतात, नखं झिजत नाहीत, आणि मातीत उकरायला मिळालं तर म्हातारं साळिंदरही रात्रभर कामाला लागतं.

परवानगीचं तर साफ खोटं आहे. साळिंदराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि त्यात वयाची सूट नाही. जखमी किंवा थकलेलं सापडलं तर हात न लावता वनविभागाच्या 1926 वर फोन करावा.

गळालेले काटेसुद्धा आम्ही कुणाला देत नाही. सीमंतोन्नयनात, म्हणजे गरोदर बाईच्या संस्कारात, तिचा भांग पाडायला तीन पांढऱ्या पट्ट्यांचा साळूचा (साळिंदराचा) काटा लागतो, तो मागायला मागे एक गुरुजी आले होते. त्यांना चहा दिला, काटा नाही.