पद्मिनीला पाणी पाजताना

कव्हराखाली दहा-बारा वर्षं झोपलेली प्रीमियर पद्मिनी चालू करायची म्हटली, की सोसायटीतला प्रत्येक माणूस मेकॅनिक होतो. बॅटरीवर मतं, पेट्रोलवर मतं, कार्बोरेटरवर तर दोघातिघांची जुंपतेच. पाण्याबाबत मात्र सगळ्यांचं एकमत : ‘‘रेडिएटर भरा आणि मारा सेल्फ!’’ हा सल्ला देणारा गृहस्थ इंजिन तापल्यावर जागेवर सापडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यातलं हे १०८९ सीसीचं इंजिन तसं सोशिक. मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांनी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून फेकला, नळाचं पाणी पाजलं, तरी ते पळत राहिलं. कारण ते पळत होतं! उभ्या गाडीचं दुखणं निराळं. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे धड, बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं आणि दोघांच्या सोबतीला वर्षानुवर्षं साचलेलं पाणी. गंज सुटतो आणि तळाशी बसतो; तोही नेमका मागच्या, चौथ्या सिलिंडरभोवती, जिथे पाणी आधीच रमतगमत फिरतं.

म्हणून आधी पाणी काढायचं. रेडिएटरखालचा कॉक, म्हणजे छोटा नळ, उघडला, की काहीच होत नाही. पान्याने जोर लावाल तर जुना पितळी कॉक मोडून हातात येईल. कॉकच्या तोंडातून तार घाला, गाळ हलवा, मग टपरीवर दिवसभर उकळलेल्या चहासारखं काहीतरी बाहेर येईल. ब्लॉकच्या बाजूलाही एक कॉक असतो, तो बहुतेक लोक विसरतात आणि निम्मा चिखल तिथेच राहतो. आलेलं पाणी पिवळं दिसलं, तर दचकू नका. रेडिएटर गळला की हळद टाकायची, हा आपल्याकडचा रामबाण इलाज. हळद फुगून भोक बुजवते. नळ्या बुजवते ते फुकटात.

आता धुलाई. थर्मोस्टॅट काढून ठेवा. लिटरला साधारण ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्त्व, घालून इंजिन अर्धा तास गरम चालवा, काढा, आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. ॲसिड आत रात्रभर मुरवू नका, हेड ॲल्युमिनियमचं आहे. रेडिएटर तरीही चोंदलेला वाटला, तर तो रेडिएटरवाल्याकडेच न्यावा. तो वरची टाकी उघडून नळ्यांतून सळ्या फिरवतो.

इथपर्यंत तुम्ही खूश असता. मग लक्षात येतं, की इतकी वर्षं गाडी गळत नव्हती ती गंजामुळेच! गंज गेला आणि गाडी चारी बाजूंनी पाझरू लागली. ब्लॉकच्या कडेला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या, ज्यांना गॅरेजवाले डमी म्हणतात, त्या आतून चाळण झालेल्या असतात. एक बदलायला निघालात तर सगळ्याच बदला, आणि पितळी घाला. जिथे हात पोचत नाही, नेमकी तीच डमी गळते.

इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या शाफ्टपाशी थेंब दिसला, तर सील वाळलेलं आहे. पंखा धरून हलवा. खुळखुळला तर बेअरिंगही गेलं. पाण्याचे रबरी होज दाबून पाहा. कडक, करकरणारा किंवा क्लॅम्पजवळ मऊ पडलेला होज सरळ फेका. पंप फिरवणारा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की सेंटिमीटरभर दबावा. फार ताणलात तर पंपाचं बेअरिंग लवकर जातं, ढिला ठेवलात तर चिरकतो.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरात होते, आणि खरी अडचण थर्मोस्टॅटची नसून पातेल्याची असते. घरचं जुनं पातेलं मागून घ्या. त्यात तो दोऱ्याने अधांतरी टांगा, बुडाला टेकू देऊ नका. सोबत तापमापी ठेवून पाणी तापवा. अंगावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला हवा. बसवताना त्याची मेणाची कुपी इंजिनाकडे.

भरताना कूलंटचा, म्हणजे पाणी गोठू न देणाऱ्या आणि गंज रोखणाऱ्या द्रवाचा, विषय निघाला, की शेजारी विचारतो, ‘‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो हो?’’ बर्फासाठी नाहीच ते, गंजासाठी आहे! किती लिटर बसतं ते आधी मोजा. ब्लॉकमध्ये धुतलेलं पाणी थोडं उरतंच, म्हणून एकूण मापाच्या निम्मं, पाणी न मिसळलेलं कूलंट आधी ओता आणि वर डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी चुकूनही नको, क्षार बसतात. सांडलेलं ताबडतोब पुसा. ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांच्या जिवावर बेततं.

शेवटी हवा काढायची. गाडीचं नाक चढावर करा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. वरचा होज एकाएकी गरम झाला, की थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबतच नसतील आणि डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा, खर्च मनात धरा. झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर नवं झाकण घ्या, त्याच दाबाचं. पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण गार होऊ द्या, क्लॅम्प पुन्हा आवळा आणि मगच झाकण उघडून पातळी बघा. ‘बघू तरी’ म्हणत गरम झाकणाला हात लावणारा एकजण प्रत्येक सोसायटीत असतोच, त्याला तेवढा वेळ चहाला पाठवा.